ऑनलाइन नोटरी सर्व्हिस तीन कामांना वापरली, कुठे चालली आणि कुठे अडली ते सगळं लिहितेय

आम्ही व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहतो आणि गेल्या दीड वर्षात एकाच ऑनलाइन नोटरी सर्व्हिसकडे तीन वेगवेगळ्या कामांसाठी गेलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं त्यातलं बरंचसं कायद्यामुळे झालं आणि दुसऱ्या कंपनीकडे गेलो असतो तरी बहुतेक तिथेच अडकलो असतो. एक काम झकास झालं, एक झालंच नाही, आणि एक झालं असं आम्ही दोन आठवडे धरून चाललो आणि पुण्यात कागद पोचल्यावर कळलं की काहीच झालेलं नाही. ज्यांचं भारतात घर किंवा जमीन आहे त्यांनी बाकी काही नाही तरी ते तिसरं नक्की वाचा.

आधी एक सांगते कारण माझाच यात गोंधळ होता. आपल्याकडे नोटरी म्हणजे वकील, कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसलेला, दहा वर्षं वकिली केल्यावर सरकारने नेमलेला (बायकांना सात वर्षं पुरतात), 1952 च्या नोटरी कायद्याखाली. इथे अमेरिकेत तसं नाही, इथे बँकेतली कॅशियर नोटरी असते, कुरियरच्या दुकानातला मुलगा नोटरी असतो, त्याला कायद्याचं शिक्षण लागत नाही आणि तो वकील नसेल तर तुम्हाला कायद्याचा सल्ला द्यायची त्याला मनाईच आहे. त्याचं काम एवढंच की समोरचा माणूस तोच आहे ना, स्वखुशीने सही करतोय ना, शुद्धीत आहे ना. कागदात काय लिहिलंय, तो कागद पुढे चालणार का, हे तो बघत नाही. हे मला आधी नीट कळलं असतं तर तिसरा घोळ झालाच नसता.

आता पहिलं काम. मी लेकीला घेऊन एकटी भारतात चालले होते, नवऱ्याचं संमतीपत्र हवं होतं की माझी हरकत नाही, मूल आईबरोबर जाऊ दे. असं पत्र असलंच पाहिजे असा सरसकट कायदा नाही, पण एका पालकाबरोबर मूल प्रवास करत असेल तर नोटराइज केलेलं पत्र जवळ ठेवा असं अमेरिकेचं कस्टम्स खातं स्वतःच सुचवतं, आणि विमानतळावर रडणारं मूल कडेवर घेऊन कोणाशी वाद घालण्यापेक्षा कागद असलेला बरा. फ्लाइट शनिवारी आणि नवरा ऑफिसच्या कामाला सिएटलला, गुरुवारी रात्री लक्षात आलं की पत्रावर सहीच राहिलीये. त्याने हॉटेलच्या खोलीतून लॉगिन केलं, पत्र पीडीएफ करून चढवलं, लायसन्सचा पुढून-मागून फोटो काढला (पहिले दोन फोटो रिजेक्ट, वरच्या दिव्याची चकाकी येत होती, खिडकीचा पडदा ओढून टेबललॅम्पने घेतला तेव्हा पास झाला), मग पाच प्रश्न आले, मग व्हिडिओवर नोटरीबाई. बाई बसल्या होत्या रिचमंडला, हा सिएटलला, आणि तरी सगळं कायदेशीर, कारण नियम असा आहे की नोटरी व्हर्जिनियात असला पाहिजे, सही करणारा कुठेही असू दे. कागदावर ठिकाणसुद्धा नोटरी जिथे बसलाय तिथलं पडतं. सिएटलच्या हॉटेलात बसून केलेल्या सहीवर रिचमंड, व्हर्जिनिया बघून नवरा दचकला होता, पण ते बरोबर आहे.

व्हर्जिनिया हे असं करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य. कायदा 2011 ला पास झाला आणि 1 जुलै 2012 पासून लागू झाला, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधी. मग माँटाना, टेक्सास, नेवाडा अशी बाकीची हळूहळू आली आणि 2020 मध्ये सगळे घरात कोंडले गेले तेव्हा ज्यांनी कायदाच केला नव्हता त्यांच्यापैकी बऱ्याच राज्यांच्या गव्हर्नरांनी तात्पुरते हुकूम काढले. न्यूयॉर्कचा कायमचा नियम 31 जानेवारी 2023 पासून आहे. कॅलिफोर्नियाचं ऐकून मला आश्चर्य वाटलं, माझी मावसबहीण तिकडे सनीव्हेलला असते, तिला वाटलं सिलिकॉन व्हॅलीत हे नक्की असणार, पण तिथे कायदा 2023 ला झाला तरी तिथल्या नोटरींना ऑनलाइन काम अजून करता येत नाही, सरकारची सिस्टिम तयार झाल्यावर किंवा उशिरात उशिरा 1 जानेवारी 2030 पासून करता येईल. तोवर कॅलिफोर्नियातली माणसं व्हर्जिनिया-टेक्सासच्या नोटरीकडून ऑनलाइन करून घेतात आणि ते कॅलिफोर्नियात चालतं. सगळ्या देशाला एकच नियम करायचं बिल अमेरिकन संसदेच्या हाऊसमध्ये 2023 ला पास झालं होतं पण सिनेटमधून काही पुढे सरकलं नाही, त्यामुळे ज्या राज्याचा नोटरी त्या राज्याचे नियम, हे धरूनच चालायचं.

त्या पाच प्रश्नांबद्दल नीट लिहिते, कारण निम्मी माणसं तिथेच अडकतात असं मला दिसतंय. लायसन्स खरं आहे का ते मशीन तपासतं, ते झालं की तुमच्या सोशल सिक्युरिटी नंबरच्या (अमेरिकेचं सरकार देतं तो ओळख नंबर) शेवटच्या चार आकड्यांवरून जुने रेकॉर्ड काढून पाच प्रश्न बनवतात. दोन मिनिटं मिळतात आणि पाचपैकी चार बरोबर यावे लागतात. यातल्या कुठल्या पत्त्याशी तुमचा संबंध होता, अमुक वर्षी कुठली गाडी तुमच्या नावावर होती, यापैकी कोणाला तुम्ही ओळखता, असले प्रश्न. नवऱ्याला सोपे गेले कारण गाडी, घरभाडं, लोन, लाइटबिल सगळं इतकी वर्षं त्याच्याच नावावर. माझी वेळ आली (तिसऱ्या कामात) तेव्हा मी पहिल्या खेपेला फेल. मी एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावरून बायकोला मिळतो तो व्हिसा) आले होते, कित्येक वर्षं माझ्या नावावर काहीच नव्हतं, मग त्यांच्याकडे माझ्याबद्दल असणार तरी काय? एक प्रश्न तर अशा अपार्टमेंटबद्दल होता की जिथे नवरा लग्नाआधी राहायचा. दुसऱ्या चान्सला पास झाले. बरेचदा 'यापैकी काहीही नाही' हेच उत्तर बरोबर असतं, ओळखीचं काही दिसत नसेल तर तेच दाबा, आठवून आठवून काहीतरी निवडायला जाऊ नका, मी तेच केलं आणि आपटले. आणि जुने पत्ते आधी एका कागदावर लिहून समोर ठेवा म्हणजे दोन मिनिटांत घाबरायला होत नाही.

व्हिडिओचा भाग मात्र मनापासून आवडला. नोटरीबाई गडबडीत नव्हत्या. नाव विचारलं, लायसन्स कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, खोलीत आणखी कोणी आहे का विचारलं, कोणी दबाव आणलाय का विचारलं, कागद तुम्ही वाचलाय का विचारलं. मग स्क्रीनवर सही आणि त्यांचा डिजिटल शिक्का. हा शिक्का म्हणजे नुसतं गोल चित्र नव्हे, पीडीएफमध्ये एक डिजिटल सर्टिफिकेट बसतं आणि नंतर कोणी एक अक्षर जरी बदललं तरी फाइल उघडताना लगेच कळतं. पूर्ण बोलण्याचं रेकॉर्डिंग होतं आणि व्हर्जिनियात ते कमीत कमी पाच वर्षं ठेवावं लागतं, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कला तर दहा. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे जमिनीच्या भांडणात 'ती सही माझी नाहीच' किंवा 'म्हाताऱ्याला फसवून अंगठा घेतला' यावर खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात, इथे सही करतानाचा चेहरा आणि आवाज जपून ठेवलेला असतो. सगळं मिळून 14 मिनिटं, 25 डॉलर. 25 ही व्हर्जिनियात नोटरीची कायद्याने ठरलेली वरची मर्यादाच आहे. शनिवारी पत्र घेऊन निघालो, डलेस विमानतळावर एअरलाइनच्या काउंटरला बघितलं, बास. या कामाला पाचपैकी पाच.

दुसरं काम सासूबाईंचं. त्या व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आल्या होत्या, जानेवारीत ड्राइव्हवेवर घसरल्या आणि घोट्याला फ्रॅक्चर. प्रवासाचा इन्शुरन्स होता, क्लेमबरोबर त्यांनी सासूबाईंच्या सहीचं नोटराइज केलेलं स्टेटमेंट मागितलं. बाहेर बर्फ, पायाला प्लास्टर, म्हटलं ऑनलाइनच करू. त्यांचा भारतीय पासपोर्ट मशीनने पटकन स्वीकारला, मला हायसं वाटलं, आणि पुढच्याच स्क्रीनवर सोशल सिक्युरिटीचे चार आकडे. ते त्यांच्याकडे असणार कुठून? तिथून पुढे जायला रस्ताच नाही. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की अमेरिकेत क्रेडिट हिस्टरी नसलेल्यांना ही सेवा देता येत नाही. हे पैसे घ्यायच्या आधी पहिल्याच पानावर का लिहिलं नाही, ही माझी खरी तक्रार आहे. व्हर्जिनियाच्या कायद्यात ओळख पटवायला एकाहून जास्त मार्ग दिलेले आहेत, पण या कंपनीने हा प्रश्नांचाच एक ठेवलाय. पैसे परत मिळाले, तीन ईमेल करावे लागले.

सासूबाईंना मात्र फार वाईट वाटलं. 'अगं, माझा पासपोर्ट खरा, मी खरी, समोर बसलेय, मग अडलं कुठे?' हे त्यांनी मला दोनदा विचारलं आणि त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी एक फिरता नोटरी घरी बोलावला, तो दुसऱ्या दिवशी आला, पासपोर्ट हातात घेऊन बघितला, सासूबाईंनी मराठीत सही केली (त्याने विचारलं तुम्ही नेहमी अशीच सही करता का, पासपोर्टवरची दाखवली, म्हणाला ठीक), दहा मिनिटांत चहा घेऊन गेला. त्याच्या येण्याजाण्याचे पैसे धरून ऑनलाइनपेक्षा महाग पडलं, पण काम झालं. तुमचे आईवडील व्हिजिटरवर असतील तर ऑनलाइनच्या वाटेला जाण्याआधी सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय चालतं का एवढं चॅटवर विचारून घ्या.

आईवडिलांचा विषय निघालाच आहे तर हेही लिहिते. त्यांच्या व्हिजिटर व्हिसासाठी आमंत्रणपत्र नोटराइज करून पाठवायची आपल्या लोकांत पद्धत पडलीये, मीही पहिल्यांदा पैसे देऊन केलं होतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर सरळ लिहिलंय की व्हिजिटर व्हिसाला आमंत्रणपत्र लागतच नाही, मग नोटरी तर लांबची गोष्ट. ग्रीनकार्डच्या स्पॉन्सरशिपचा आय-864 फॉर्म पण नोटराइज करावा लागत नाही. ते पैसे वाचवा.

आता तिसरं. कोथरूडचा फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर, विकायचा ठरला, गिऱ्हाईक मिळालं, चांगलं नवरा-बायको होते, त्यांचं लोनही सँक्शन झालेलं. रजिस्ट्रेशनला आम्ही येऊ शकत नव्हतो म्हणून माझ्या भावाच्या नावाने पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे कुलमुखत्यारपत्र द्यायचं होतं. पहिला अनुभव इतका चांगला होता की आम्ही काही विचारच केला नाही. वकिलाने मसुदा पाठवला, तो चढवला, दोघांनी प्रश्न दिले, व्हिडिओवर सह्या केल्या, दोघांचे 50 डॉलर झाले. मी नोटरीला विचारलं होतं की हे भारतात वापरायचंय, चालेल ना? तो म्हणाला मॅडम, मी त्यावर काही सांगू शकत नाही, ज्यांना कागद द्यायचाय त्यांना विचारा. तेव्हा मला ते कोरडं वाटलं. आता समजतं की तो नियमाने वागला, सल्ला दिला असता तर त्याचंच लायसन्स अडचणीत आलं असतं. पण कंपनीने बुकिंग करताना कागदाचा प्रकार विचारला, पॉवर ऑफ अटर्नी असं मी निवडलं, मालमत्तेचा पत्ता पुणे, भारत असा मसुद्याच्या पहिल्याच पानावर होता, आणि 'हा कागद कुठल्या देशात वापरणार' हा एक प्रश्न त्यांच्या फॉर्ममध्ये नाही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 50 राज्यांत मान्य असं लिहिलंय. त्यात पुणे येत नाही हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

दादाने पीडीएफ प्रिंट केलं, आमच्या वकिलांना दाखवायच्या आधीच उत्साहाने दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन गेला. तिथल्या कारकुनाने दोन मिनिटांत परत दिलं. दादाचा फोन आला, 'अगं, हे म्हणतायत ओरिजिनल कुठाय? हा तर प्रिंट आहे.' मी म्हटलं दादा, ओरिजिनल हीच फाइल आहे, त्यात डिजिटल शिक्का आहे. तो म्हणाला ते तू मला सांगू नको, इथे खिडकीवर येऊन सांग. मला राग आला होता कारकुनाचा, पण चूक त्याची नव्हतीच. संध्याकाळी वकिलांनी समजावलं ते इथे जसंच्या तसं देते, कारण हे मला कुठे एका जागी वाचायला मिळालं नव्हतं.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा. इलेक्ट्रॉनिक कागद आणि डिजिटल सही त्याने मान्य केली, पण शेवटी एक परिशिष्ट जोडलंय की या या कागदांना हा कायदा लागूच नाही, आणि त्यात मृत्युपत्र आहे, ट्रस्ट आहे आणि पॉवर ऑफ अटर्नी पण आहे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये त्यात बदल झाला, रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक अशांच्या देखरेखीखालच्या संस्थांना दिलेल्या पॉवर ऑफ अटर्नीला सूट मिळाली, म्हणजे ब्रोकरला, बँकेला देता ती. भावाला फ्लॅट विकायला दिलेली त्या सुटीत बसत नाही. म्हणजे आमच्या पीडीएफवर कितीही भारी डिजिटल शिक्का असला तरी भारतात तो कुलमुखत्यारपत्र म्हणून उभाच राहत नव्हता. आणि वर 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 33, परदेशात राहणाऱ्याची पॉवर रजिस्ट्रेशनला चालायची तर ती नोटरी, कोर्ट, न्यायाधीश किंवा भारतीय कॉन्सुल यांच्यासमोर केलेली आणि त्यांनी प्रमाणित केलेली हवी. शाईची सही, खरा कागद.

मग सगळं पहिल्यापासून. मसुदा कागदावर प्रिंट केला, प्रत्येक पानावर शाईने सह्या, फोटो चिकटवले, दोन साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे, बँकेच्या शाखेतल्या नोटरीसमोर प्रत्यक्ष जाऊन सही, मग वॉशिंग्टनच्या भारतीय एम्बसीचं अटेस्टेशन, मग ओरिजिनल कुरियरने पुण्याला. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या करारात आहे (अपॉस्टिल म्हणजे असा सरकारी दाखला की तो लावला की करारातला दुसरा देश त्या कागदावरची सही-शिक्का खरा मानतो) त्यामुळे रिचमंडहून अपॉस्टिल घेऊन पाठवणारेही आहेत, आमच्या वकिलांनी एम्बसीचं अटेस्टेशनच मागितलं म्हणून आम्ही ते केलं, तुमच्या वकिलांना आधी विचारा आणि मगच पैसे भरा. आणखी एक, परदेशात झालेला असा कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. दादाने कुरियरचं पाकीटसुद्धा जपून ठेवलं, कारण कागद कधी पोचला याचा पुरावा म्हणजे त्यावरची तारीख. हे वकिलांनी सांगितलं म्हणून, नाहीतर ते पाकीट रद्दीत गेलं असतं.

या सगळ्यात सात आठवडे गेले. त्या फ्लॅट घेणाऱ्या जोडप्याचा लोनचा कालावधी संपत आला होता, त्यांना बँकेकडे मुदत वाढवून घ्यावी लागली, त्यांनी आम्हाला एक शब्द वाकडा बोलला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांचं भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट त्याच महिन्यात संपत होतं हे मला नंतर दादाकडून कळलं.

कंपनीला सविस्तर ईमेल लिहिला, 50 डॉलर परत मागितले नाहीत कारण नोटरीने त्याचं काम चोख केलं होतं. एवढंच लिहिलं की बुकिंगच्या फॉर्मवर कागद कुठल्या देशात वापरणार हा एक प्रश्न टाका आणि भारत निवडला तर 'कागद स्वीकारणाऱ्याला आधी विचारा' अशी एक ओळ दाखवा, आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर काम होणार नाही हे पैशांच्या आधी सांगा. उत्तर आलं की तुमची सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे. गेल्या महिन्यात परत लॉगिन केलं तेव्हा फॉर्म तसाच होता.

लॉगिन केलं कारण यंदा पुन्हा मी आणि लेक उन्हाळ्यात चाललोय आणि नवऱ्याचं संमतीपत्र हवं होतं. त्यासाठी मी हीच सर्व्हिस वापरली आणि पुढेही वापरीन. या वेळी 11 मिनिटं लागली, पडदा आधीच ओढून ठेवला होता. इथल्या कागदांना माझे पाचपैकी साडेचार, आईवडिलांच्या कागदांना एक, भारतातल्या मालमत्तेच्या पॉवर ऑफ अटर्नीला शून्य.